एक खोली जुनीच राहू दे

हॉलमधून आतल्या पॅसेजकडे वळताना जी लाकडी चौकट लागते तिच्यासमोर पेंटर उकिडवा बसला होता आणि हातातला पॉलिश पेपर थांबवून त्याने मला हाक मारली. "ताई, हे बघा, इथे काहीतरी तेलकट बसलंय, यावर रंग धरणार नाही. घासून काढू ना?" मी वाकून बघितलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर, चौकटीच्या अगदी कडेला, एक तपकिरी पट्टा होता, बोट लावलं तर मेणचट लागणारा. त्याच्या वर लाकूड स्वच्छ, खाली स्वच्छ, मध्ये तेवढाच डाग. मी म्हटलं हो, काढा. दोन-चार मिनिटांत तो गेलाही. काम बरोबरच होतं, रंग लावायचा तर घासायला हवंच, पण ती खरखर नंतर दिवसभर माझ्या कानात राहिली, रात्री झोपतानासुद्धा.

तो डाग आमच्या मांजरीचा, मनीचा होता. म्हणजे मनीने सुरू केलेला आणि नंतर आमचा बोका भुऱ्या आल्यावर त्यानेही त्यात भर घातलेली. दोघं पॅसेजमधून येता-जाता त्या कडेला गाल घासणार म्हणजे घासणार, वर्षानुवर्षं. मांजरांच्या गालांवर, हनुवटीवर, ओठांच्या कडेला वासाच्या ग्रंथी असतात हे मांजर पाळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं, आणि त्या घासण्यातून ती त्या जागेला "ही ओळखीची, इथे भ्यायचं कारण नाही" अशी खूण करून ठेवतात. आपल्या नाकाला त्यातलं काहीही कळत नाही. मला त्या चौकटीवर फक्त मळ दिसायचा आणि अधूनमधून ओल्या फडक्याने मी तो पुसायचेही, पूर्ण कधी निघाला नाही. आता निघाला. आणि मग मी घरभर तशा जागा शोधत फिरले. सोफ्याचा कोपरा (सोफा गेला होता), कपाटाची खालची कड (कपाट गॅलरीत, प्लास्टिकखाली), किचनच्या ट्रॉलीचा पत्रा (भंगारात). त्यांच्या घराचा नकाशा आम्ही रिनोव्हेशनच्या नादात एका आठवड्यात जवळजवळ सगळा खरवडून काढला होता.

एक खोली सोडून.

त्या खोलीबद्दलच लिहायचंय खरं तर. पण त्याआधी एक जुनी आठवण. लहानपणी आजीच्या घरी छपराचं काम निघालं होतं तेव्हा तिथली मांजर पहिल्याच दिवशी गायब झाली. आम्ही पोरं रडून गोंधळ घातला, आजी शांत. म्हणाली, माणसं गेली की येईल ती. आणि आलीच, काम संपल्यावर, जरा वाळलेली, अंगाला कुठलातरी परका वास, आणि काही झालंच नाही अशा थाटात चुलीजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसली. इतके दिवस ती कुठे होती ते कुणालाच कळलं नाही. मला ती गोष्ट फार वर्षं गोड वाटायची. आता वाटत नाही तितकी. कारण त्या मांजरीला निघून जायचा पर्याय होता, तिला आवाज नको झाला, ती गेली. माझी दोघं घरातली मांजरं आहेत, दार बंद केलं की त्यांचं जग संपतं. ते जग मी फोडायला काढलं तर पळून जायला दुसरी जागा त्यांना मीच द्यायला हवी, ती त्यांना शोधता येणार नाही, आणि शोधायला गेली तर तेच सगळ्यात धोक्याचं.

म्हणून कॉन्ट्रॅक्टरबरोबर पहिली मीटिंग झाली तेव्हा टाइल्सचा रंग वगैरे ठरायच्या आधी मी हे सांगितलं की एक खोली शेवटपर्यंत तशीच राहील. त्यात सामान ठेवायचं नाही, त्यातून वायर ओढायची नाही, मुख्य म्हणजे तिचं दार कुणी उघडायचं नाही. त्याने जरा विचित्र नजरेने बघितलं पण मिस्त्री समजूतदार निघाले, त्यांनीच कामाचा क्रम फिरवून दिला, म्हणजे फोडाफोड पलीकडच्या टोकाने सुरू करायची आणि या खोलीपर्यंत येईस्तोवर पलीकडची एक खोली पूर्ण वाळून, हवा खेळून तयार असेल. हा क्रम आधी ठरणं फार महत्त्वाचं आहे असं माझं मत झालंय. मजूर हातोडा घेऊन दारात उभे असताना मांजर कुठे ठेवायचं हे ठरवायला बसलं की मग ते बाथरूममध्ये कोंडलं जातं आणि दुपारी त्याच बाथरूमचा नळ बदलायचा निघतो.

काम सुरू व्हायच्या बऱ्याच आधीपासून त्या दोघांचं जेवण मी तिथे हलवलं, मग लिटर बॉक्स, म्हणजे त्यांचा शी-शूचा डबा, मग झोपायच्या जागा. एकेक. लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावा म्हणतात, खोली लहान असूनही मी ते पाळलं, आणि जेवणापासून शक्य तितके लांब ठेवले. अंथरायच्या चादरी मुद्दाम धुतल्या नाहीत. आईला ते अजिबात आवडलं नाही, बाहेर सगळीकडे धूळ आणि ही आत मळक्या चादरी जपून ठेवतेय, पण त्या चादरींना त्यांचा वास होता आणि मला तोच हवा होता. पुठ्ठ्याची खोकी मात्र भरपूर. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटासा अभ्यास आहे, निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकंवाली मांजरं पहिल्या दिवसांतच बरीच निवळली, बिनखोक्याच्यांना जास्त वेळ लागला. एवढंच. लपणं हे मांजराचं घाबरणं नसतं फक्त, घाबरल्यावर सावरायची ती त्याची पद्धत असते, म्हणून लपलेल्या मांजराला प्रेमाने बाहेर ओढून कुरवाळत बसू नये हे मी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पाहुण्यांनाही.

फोडाफोडीचं मशीन, ब्रेकर, सुरू झालं त्या सकाळी मी आत मनीजवळ जमिनीवर बसले होते. ती खोक्यात, फक्त तोंड दिसत होतं. आवाज यायच्या आधीच, म्हणजे मला यायच्या आधी, तिचा डावा कान एकटाच मागे वळला, मग उजवा, मग दोन्ही सपाट होऊन डोक्याला चिकटले आणि त्यानंतर कुठे मला भिंतीतून तो हादरा जाणवला. बाहुल्या इतक्या मोठ्या झालेल्या की डोळ्यांचा हिरवा रंग म्हणजे कडेला एक बारीक वर्तुळ उरलं होतं. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजरांना ६० हजारांच्या पुढचंसुद्धा, उंदरांचं बारीक चिवचिवणं पकडायला बनलेले ते कान. मिस्त्री ज्या कटरने टाइल कापतात त्याचा आवाज जवळून शंभर डेसिबलच्या आसपास जातो, त्यात आपल्याला न ऐकू येणाऱ्या किंकाळ्या किती असतील. दाराच्या फटीत जाड टॉवेल, भिंतीला टेकवून गाद्या, रेडिओ अगदी हळू आवाजात, यापलीकडे मला काही करता आलं नाही. भुऱ्या तोवर माझ्या पायाखाली घुसून बसला होता, त्याचं हृदय माझ्या घोट्याला लागत होतं.

बरेच जण सांगतात की सरळ कुठेतरी बोर्डिंगला ठेवा. मी खूप विचार केला त्यावर. मनीसारख्या म्हाताऱ्या मांजरीला परकी जागा, परके वास आणि आम्ही नाही, हे सगळं एकदम देणं मला धोक्याचं वाटलं. पण भिंत पाडायचे दिवस आणि लाकडाला पॉलिश मारायचे दिवस मात्र दोघांना बहिणीकडे हलवलं, कारण तिचं घर त्यांना माहीत आहे. ज्यांची मांजरं प्रवासाला सरावलेली आहेत त्यांनी वेगळं ठरवावं. आवाज एकवेळ सहन होतो, वाफा नाही.

कारण मांजर सगळं चाटतं. रिनोव्हेशनमधल्या धोक्यांचं मूळ मला शेवटी हेच सापडलं. कुत्रा धुळीत लोळला तर तो मळतो, मांजर धुळीतून गेलं की ती धूळ संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात असते. पंजाला ओलं सिमेंट लागलं, तर त्याचा पीएच १२-१३ च्या घरात, म्हणजे चांगलंच दाहक, आधी पंजाची गादी पोळणार आणि मग चाटल्यावर जीभ. जुनी भिंत कोरडी घासली आणि त्या जुन्या रंगात शिसं असलं तर ती भुकटी थेट केसांवर. रंगातलं शिसं विषारी हे काही आज कळलेलं नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने रंगकामातल्या पांढऱ्या शिशावर निर्बंध घालणारा करार १९२१ मध्येच केला होता, अमेरिकेत घरातल्या रंगांत बंदी आली ती १९७८ मध्ये. जुन्या घरांच्या आतल्या थरांत तो रंग अजून असू शकतो आणि आपण तोच घासून काढत असतो. आमच्या घराचं वय बघता मी कोरडं घासू दिलं नाही कुठेच, पाणी मारून मगच, आणि ओल्या फडक्याने लगेच पुसायचं. पेंटरला ते कटकटीचं होतं पण त्याच्या स्वतःच्या फुप्फुसांसाठीही ते बरंच होतं, हे त्याला पटलं.

अंगाला रंग लागलाच तर काय, हे मी व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, आधीच विचारून ठेवलं होतं. पाण्यातला रंग ओला असताना कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने निघतो. ऑइलपेंटला मात्र थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल असलं काहीही लावायचं नाही, ते मूळ रंगापेक्षा वाईट, कातडीतून आत जातं आणि चाटलं तर अजून पुढचं. मांजराला टॉवेलात गुंडाळायचं म्हणजे चाटता येणार नाही, आणि थेट दवाखाना, थोडेच केस असतील तर कापून टाकायचे. आणि एक गोष्ट जी काम संपल्यावरची आहे पण मला सगळ्यात जास्त भीती तिचीच होती, ती म्हणजे साफसफाई. काम उरकलं की शेवटी कुणीतरी उत्साहाने पूर्ण घर फिनेलने पुसून देतं. फिनेलमध्ये फिनॉलसारखी रसायनं असू शकतात, आणि आपल्या यकृतात ती निकामी करणारी जी यंत्रणा असते त्यातल्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचं जनुक मांजरांमध्ये बंद पडलेलं आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्यांचा जीव घेऊ शकते ती त्याचमुळे. वाळवीच्या आणि किड्यांच्या औषधांमध्ये असणारं परमेथ्रिनही असंच, आपल्याला फारसं काही होत नाही, मांजराला झटके येतात. म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला औषधाचं नाव आधी विचारलं, आणि फिनेलची बाटली मी सरळ घरातूनच काढून टाकली. साधं साबणाचं पाणी. फरशीला तेवढं पुरतं.

भुऱ्याचा प्रश्न वेगळाच होता, त्याला भीतीपेक्षा उत्सुकता जास्त. संध्याकाळी माणसं गेली, राडारोडा उचलला, जमीन पुसली, की मी त्या दोघांना माझ्या देखरेखीखाली थोडा वेळ बाहेर सोडायचे, म्हणजे घर बदलतंय हे त्यांना थोडं थोडं कळत राहील. तर हा थेट ओळंब्याकडे. एका वळणावर मिस्त्रींनी ओळंबा तसाच लटकत ठेवला होता आणि भुऱ्या त्या दोरीचं टोक तोंडात धरून बसलेला, डोळे अर्धे मिटून. मी ती सोडवली. मांजराच्या जिभेवरचे काटे मागच्या दिशेला वळलेले असतात, दोरा एकदा जिभेवर चढला की त्याला थुंकता येत नाही, तो आतच जात राहतो, आणि आतड्यात गेलेला दोरा आतडं गोळा करत जातो, चिरतोसुद्धा. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, व्हेटकडेच जायचं. मास्किंग टेपच्या पट्ट्या, पॅकिंगची सुतळी, वायरच्या सालींचे तुकडे, सगळं रोज संध्याकाळी झाडून पिशवीत आणि पिशवीला गाठ. मशीनची वायर प्लगमधून काढलेली. एवढं झालं की मगच दार उघडायचं.

आणि भोकं. बंद होणारी भोकं.

मांजराचं गळ्याजवळचं हाड खांद्याच्या सांध्याला जोडलेलं नसतं, स्नायूंत नुसतं तरंगत असतं, त्यामुळे जिथे डोकं गेलं तिथे सहसा बाकीचं मांजर जातं. फॉल्स सीलिंगची फट, किचनच्या ओट्याखालची पाठीमागची पोकळी, पाइपचा डक्ट. सुतार ओट्याखालची मागची प्लाय बसवत होता, स्क्रू अर्धे लावून झालेले, आणि तो थांबला, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, टॉर्च घेऊन पूर्ण पालथा पडून आत बघितलं आणि मग मला हाक दिली, "ताई, दोन्ही डोळ्यांसमोर आहेत का?" मी खोलीत जाऊन बघून आले, दोन्ही होती, मनी खोक्यात, भुऱ्या कपाटावर. "आहेत." मग त्याने उरलेले स्क्रू पिळले. त्यानंतर प्रत्येक फट बंद करताना तो हे विचारायचा, कुणी न सांगता, आणि त्याचं बघून फॉल्स सीलिंगवालेही विचारायला लागले. रंग, फिनिशिंग, सगळ्यापेक्षा मला त्या माणसाचं ते पालथं पडून बघणं लक्षात राहिलंय. त्याच्या शर्टाला पुढून सगळी धूळ लागली होती.

खिडक्या बदलायच्या दिवशी मात्र मी खोलीचं दार बाहेरून कुलूपच लावून टाकलं आणि किल्ली गळ्यात. उंचावरून पडलं तरी मांजर पायांवर उतरतं, त्याला काही होत नाही, हे फार लोक मनापासून मानतात. न्यूयॉर्कच्या दोन व्हेटनी १९८७ मध्ये १३२ पडलेल्या मांजरांच्या नोंदी छापल्या, सरासरी साडेपाच मजल्यांवरून पडलेली, आणि त्यातली ९० टक्के वाचली, तेव्हापासून तो समज अजूनच पक्का झाला. पण ती दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं होती. जी जागीच गेली त्यांना कोण दवाखान्यात आणणार? आणि वाचलेल्यांच्याही छातीला, जबड्याला मार होता. दोघांना मायक्रोचिप, म्हणजे कातडीखालची ओळखीची चिप, आधीच होती, तिच्या नोंदीतला फोन नंबर बरोबर आहे ना तेवढं तपासून घेतलं. समजा मांजर निसटलंच, तर ते लांब जात नाही सहसा. हरवलेल्या मांजरांवरचा २०१८ चा एक मोठा अभ्यास आहे, हजाराहून जास्त मांजरांचा, त्यात सापडलेल्यांपैकी ७५ टक्के घरापासून ५०० मीटरच्या आत होती. घाबरलेलं मांजर जवळच कुठेतरी दबून बसतं, हाका मारल्या तरी ओ देत नाही. म्हणून बसून वाट बघू नये, वाकून, टॉर्च घेऊन, प्रत्येक जिन्याखाली, गाडीखाली स्वतः जाऊन बघावं.

मधल्या काळात मनीने एकदा जेवण टाकलं. एकच दिवस, पण मी हादरले, कारण मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठायला लागते, आणि मनी तशी वजनदार. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं ते मला या काळात सतत आठवत राहिलं. रोजची देखभाल करणारी माणसं बदलली, वेळा बदलल्या, तर आधीपासून आजारी असलेली मांजरं तर बिघडायचीच पण पूर्ण धडधाकट मांजरंसुद्धा उलट्या करायला लागायची, खाणं कमी व्हायचं, लिटर बॉक्सच्या बाहेर जायला लागायची. म्हणजे बिनसलेलं वेळापत्रक हाच आजार. त्यामुळे बाहेर सिमेंटची गोणी फुटो नाहीतर प्लंबर न सांगता येवो, त्या खोलीतलं जेवण ठरल्या वेळी, रात्रीचं खेळणं ठरल्या वेळी. बोके ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर लिटर बॉक्सकडे रोज डोळे उघडे ठेवून बघावं, वारंवार जाऊन बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट न बघता निघायचं, मूत्रमार्ग बंद झाला तर एक-दोन दिवसांत खेळ संपतो.

आता घर छान झालंय. मला हवं होतं तसंच, उजेड येतो, ओटा उंच झाला, रंग अगदी मनासारखा. मला ते आवडतं आणि त्याच वेळी मनी हॉलच्या उंबऱ्यावर थांबून, पुढचा एक पाय उचललेला तसाच ठेवून, नाक वर करून नुसती हुंगत उभी राहते तेव्हा पोटात कालवतं. तिच्यासाठी ही परकी वास्तू आहे. नव्या प्लायमधून फॉर्माल्डिहाइड महिनोन्‌महिने निघत राहतं, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ पासून त्याला कर्करोगकारक गटात घातलंय, त्यामुळे फर्निचर आल्यावर बरेच दिवस खिडक्या जाळीसकट उघड्या ठेवून नव्या खोल्या मांजरांसाठी बंदच ठेवल्या होत्या. मग एकेक खोली उघडली. मऊ सुती फडकं दोघांच्या गालांवरून हळूच फिरवायचं आणि तेच नव्या चौकटींच्या, सोफ्याच्या कोपऱ्यांवर त्यांच्याच उंचीला घासायचं, हे मी रोज करते, गुडघ्यांवर बसून. जुनी फाटकी चटई हॉलच्या मधोमध पडलेली आहे आणि नव्या फरशीवर ती अगदी विशोभित दिसते, येणारा प्रत्येक जण बोलतो. राहू दे. भुऱ्या हॉलभर फिरतो आता, मनी चटईपर्यंत येते.

मोठं बाथरूम राहिलंय अजून, ते पुढच्या टप्प्यात. परवा मिस्त्री मापं घ्यायला आले होते, टेप गुंडाळत त्यांनी आधी हेच विचारलं, "मांजरांची खोली या वेळी कुठली धरायची?"